पोचलो की सांगतो

आमच्या सासूबाईंची पक्की समजूत आहे की मी नोकरीत नापास झाले आहे. त्याशिवाय या वयात रोज सकाळी दहाला हजेरी कोण घेतं? घरून काम असलं की मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडते आणि तीन प्रश्नांची उत्तरं देते: काल काय केलं, आज काय करणार आणि अडथळा काय. सासूबाई मेथीची जुडी निवडत सगळं ऐकत असतात. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "अगं, सोळा वर्षं हिंजवडीत काढलीस, तिथे नव्हते असं विचारत. इथे काही चोरीबिरी झालीय का?"

चोरी झालेली नाही. मी स्टार्टअपमध्ये आलेय, एवढंच. आणि आमची स्टार्टअप साधीसुधी नाही, ॲजाइल आहे. सासूबाई तिला 'अजागळ' म्हणतात. पहिले दोन महिने मी दुरुस्त करत होते.

कंपनी बाणेरला, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सोसायट्यांना पाण्याचे टँकर मागवून देणारं ॲप चालवतो. फ्लॅट कोटीचा आणि पाणी टँकरचं, या एका सत्यावर आमचा सगळा डोलारा उभा आहे. आधी हेच ॲप कुत्र्यांना घरपोच आंघोळ घालून देत असे. आंघोळीला पाणी मिळेना, तेव्हा संस्थापकाने पाण्याच्याच धंद्यात उडी मारली. याला 'पिव्होट' म्हणतात. आमच्या गावाकडे याला 'दुकान चालेना' म्हणतात.

संस्थापक 28 वर्षांचा आहे. इथे कुणी साहेब नाही, सगळे समान, सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं. तो माझ्या भाच्याच्या वयाचा असल्याने त्याला अरे म्हणणं मला मुळीच जड गेलं नाही. जड जातं ते भाच्याकडे रजा मागणं.

या ॲजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर बनवायच्या या पद्धतीचा, जन्म मात्र फार रम्य ठिकाणी झाला. 2001च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फातल्या रिसॉर्टवर 17 जण जमले. सगळे पुरुष, सगळे सॉफ्टवेअरवाले आणि सगळे तेव्हाच्या कागदी घोड्यांना कंटाळलेले. बर्फावर घसरले, जेवले, गप्पा मारल्या आणि तीन दिवसांत चार मूल्यांचा जाहीरनामा लिहून मोकळे झाले. त्याला बारा तत्त्वांची जोडही दिली. 17 माणसांचं तीन दिवसांत एकमत झालं, यावरूनच कळतं की त्यांच्यात आमच्या सोसायटीचं कुणी नव्हतं.

गंमत म्हणजे जाहीरनामा वाचायला बसलात तर नाव ठेवायला जागा नाही. आठवं तत्त्व सांगतं की जो वेग सगळ्यांना कायम टिकवता येईल त्याच वेगाने काम करावं. दहाव्यात तर न केलेल्या कामाची थोरवी गायली आहे. हे दहावं मी छापून टेबलावर चिकटवलं होतं, दुसऱ्या दिवशी गायब. आमच्या संस्थापकाला बारांपैकी एकच पाठ आहे, दुसरं: गिऱ्हाइकाच्या गरजा बदलल्या, अगदी उशिरा बदलल्या, तरी त्यांचं स्वागत करा. हे स्वागत तो आमच्याकडून रात्री पावणेबाराला करून घेतो. निरोपाची सुरुवात "काही घाई नाही, पण" अशी असते. या वाक्यातलं 'पण' वाचलं की माझ्या डाव्या पापणीला उडायची सवय लागली आहे.

सकाळची हजेरी उभ्याने द्यायची असते. पाय दुखले की माणूस थोडक्यात आटपतो, हा त्यामागचा हिशेब. मर्यादा 15 मिनिटांची. नियम करणाऱ्यांनी मराठी पाहुणा पाहिलेला नव्हता हे उघड आहे. "निघतो हं" म्हटल्यावर चप्पल घालून दारात तो जे बोलतो, त्याच्या निम्मंही तो सोफ्यावर बसून बोललेला नसतो. आमची हजेरी 50 मिनिटं चालते. पंधराव्या मिनिटाला लोक भिंतीला टेकतात, तिसाव्याला खिडकीत बसतात आणि शेवटी एकटे स्क्रम मास्टर तेवढे उभे उरतात. त्यांना आम्ही नुसतं मास्तर म्हणतो.

तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे अडथळ्याला, सगळे "काही नाही" म्हणतात. लोकांच्या घरी "चहा घेणार का?"ला आपण "नको नको" म्हणतो, त्याच सुरात. एका नव्या मुलीने पहिल्याच आठवड्यात खरं सांगून टाकलं, "माझा अडथळा ही मीटिंग आहे." क्षणभर एसीचा आवाज ऐकू आला. मास्तरांनी तो अडथळा व्यवस्थित नोंदवून घेतला आणि त्यावर चर्चेसाठी दुपारी तीनला मीटिंग ठेवली.

ॲजाइलच्या या हजेरीवाल्या प्रकाराला स्क्रम म्हणतात. हा शब्द रग्बीतला. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहिलं होतं की नवी वस्तू घडवताना रिलेसारखी काठी पुढच्याच्या हातात देऊन मोकळं होऊ नये, रग्बीसारखं सगळ्यांनी मिळून पुढे सरकावं. त्यांना कुणी खो-खो दाखवला असता तर उपमा नेमकी बसली असती. आमच्याकडे सगळे एकाआड एक उलट्या तोंडांनी बसलेले असतात. मी टेस्टर. डेव्हलपर मागून येऊन पाठीत खो घालतो, "माझं झालं, तुझ्याकडे दिलंय." मी उठून धावते, दहा मिनिटांत चूक सापडते, परत त्याच्या पाठीत खो. रिलीजच्या रात्री ही पळापळ इतकी वाढते की कोण कुणाला पकडतंय हे मास्तरांनाही कळत नाही.

पण माझ्या मते या धंद्यातल्या सगळ्या ताणाचं मूळ एका साध्या प्रश्नात आहे: "किती वेळ लागेल?"

याचं उत्तर काढायला आम्ही पत्ते खेळतो. खोटं नाही. प्रत्येकाच्या हातात 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे लिहिलेली पानं असतात. मास्तर काम वाचून दाखवतात आणि सगळ्यांनी एकदम पान उलटायचं. पैसे लावत नाहीत, म्हणून पोलीस येत नाहीत. ही मालिका फिबोनाचीची, असं मास्तर दर वेळी इटालियन उच्चारात सांगतात. खरं तर फिबोनाचीने 1202 साली पुस्तक लिहिलं त्याच्या आधीच, बाराव्या शतकात, गुजरातेत हेमचंद्रांनी हे आकडे मांडून ठेवले होते. मात्रावृत्तात लघू आणि गुरू अक्षरं किती प्रकारे बसतात, हे मोजता मोजता. हे मी एकदा बोलून दाखवलं. मास्तर खूश झाले आणि त्यांनी मला त्यावर शुक्रवारी पाच मिनिटांचं सादरीकरण करायला सांगितलं. तेव्हापासून मी ज्ञान आवरतं घेते.

तर पानं उलटतात. माझे 13, डेव्हलपरचे 3. इथून पुढे महात्मा फुले मंडई.

"तेरा कसे? पाच करा."

"दादा, आठच्या खाली परवडत नाही. तीन फोनवर तपासायचंय."

"अहो, एक बटण तर आहे."

"बटण एकच आहे, पण ते दाबणारे हजार आहेत."

शेवटी आठला सौदा ठरतो आणि वर कोथिंबिरीची काडी म्हणून एक जादा स्क्रीन द्यावी लागते. हे आकडे म्हणजे तास नव्हेत, नुसतं काठिण्य, असं मास्तर दर खेपेला बजावतात. संस्थापक मान डोलावतो आणि टेबलाखाली मोबाइलवर गुणाकार करतो.

मागच्या एप्रिलमध्ये एका टँकरच्या ड्रायव्हर मामांना आम्ही ऑफिसात बोलावलं होतं. ॲप त्यांच्या हातात देऊन काय अडतं ते बघायचं, असा बेत. मामा खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले. (पाणी आम्ही बाहेरून बाटलीतलं आणलं होतं. आमच्या इमारतीचा टँकर त्या दिवशी आलाच नव्हता आणि ॲपवर तो सकाळपासून सात मिनिटांच्या अंतरावर होता.) संस्थापकाने समजावलं, "मामा, इथे तुम्ही फक्त किती वेळात पोचणार तेवढं टाकायचं."

मामा म्हणाले, "पोचलो की सांगतो."

"नाही, म्हणजे त्याच्या आधी. अंदाजे."

"भरायला रांग असती, रस्ता खोदलेला असतो, सोसायटीचा वॉचमन झोपलेला असतो. पोचलो की सांगतो ना."

खोलीत 14 इंजिनिअर होते. पत्ते, आलेख, रंगीत चिठ्ठ्या, सगळं हाताशी होतं. एकालाही या वाक्यातली चूक काढता आली नाही. वीस वर्षांत मी ऐकलेला हा सर्वांत खरा अंदाज. तरीही आम्ही ॲपमध्ये 'सात मिनिटं' हेच कायम ठेवलं, कारण गुंतवणूकदारांना सात आवडतात.

झालेलं न झालेलं सगळं जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायचं असतं. या नावाची कुळकथा ऐकून मी हात जोडले. ते आलंय 'गोजिरा'वरून, म्हणजे शहरं तुडवत जाणाऱ्या गॉडझिलाचं जपानी नाव. आता मराठीत गोजिरं म्हणजे पाळण्यातलं बाळ. आमच्याकडे दोन्ही अर्थ लागू पडतात. काम सोमवारी येतं तेव्हा अगदी गोजिरवाणं असतं, 'एक छोटासा बदल' म्हणून दुडुदुडु येतं. गुरुवारी रात्री त्याला शेपूट फुटतं आणि ते इमारत पाडतं. 'गो' गळून उरलं ते जिरा. ते कशासाठी बनवलंय हे मराठी माणसाला फोड करून सांगायला नको. भल्याभल्यांची जिरवलीय त्याने.

कामाची एक फेरी म्हणजे स्प्रिंट, दोन आठवड्यांची. सासूबाईंना ही एकच गोष्ट लगेच समजली. "म्हणजे पंधरवडा," त्या म्हणाल्या. बरोबर. फरक एवढाच की त्यांच्या पंचांगात एक पंधरवडा शुद्ध असतो आणि एक वद्य. आमचे दोन्ही वद्य. वर्षाला 26. खरा धावपटू शर्यत संपली की कमरेवर हात ठेवून वाकतो, धापा टाकतो, कुणीतरी त्याच्या अंगावर टॉवेल टाकतं. आमची शुक्रवारी संध्याकाळी संपते आणि सोमवारी सकाळी पुढची बंदूक वाजते. मधल्या शनिवार-रविवारात मागच्या शर्यतीत पळायचं राहिलेलं अंतर पळून घ्यायचं.

लोक फार थकले, तेव्हा मास्तरांनी बुधवार मीटिंगमुक्त जाहीर केला. सगळ्या मीटिंगा मंगळवार आणि गुरुवारात कोंबल्या गेल्या. एकादशी, दुप्पट खाशी.

सण आम्ही आनंदाने साजरे करतो, कारण त्या दिवशी घरून काम असतं. खंडेनवमीला मात्र सगळे ऑफिसात येतात आणि शस्त्रं म्हणून लॅपटॉप ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. यंदा सर्व्हरचीही पूजा करू, असं ठरलं. पण सर्व्हर तर क्लाउडमध्ये. शेवटी मी खिडकी उघडली आणि झेंडूचं फूल आकाशाच्या दिशेने भिरकावलं. ते खाली पार्किंगमध्ये संस्थापकाच्या गाडीवर पडलं. त्या आठवड्यात सर्व्हर एकदाही कोसळला नाही, हे मी फक्त नोंदवून ठेवते.

पगार बेताचा आहे, पण शेअर मिळणार आहेत. कोकणात वाटणी न झालेल्या आमराईत आपला हिस्सा असतो, तसे. झाडं आहेत, मोहर आहे, कागदावर तुमचं नावही आहे. आंबा कुणी खाल्लेला नाही. पहिल्या वर्षात सोडून गेलात तर काहीच हाती लागत नाही, आणि त्या वर्षभराच्या अटीला 'क्लिफ' म्हणतात, म्हणजे कडा. कामगाराच्या मनःस्थितीचा इतका नेमका विचार करून ठेवलेलं दुसरं नाव मला माहीत नाही.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या रोगांच्या यादीत त्याची व्याख्या नीट लिहिली, आणि तिथेच स्पष्ट केलं की हा आजार नव्हे, ही कामाच्या जागी घडणारी गोष्ट आहे. झाली का पंचाईत? रजेच्या अर्जात आजारपण लिहायची सोय आहे, 'घडलेली गोष्ट' लिहायची नाही. लक्षणं तीन: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मनात दुरावा आणि तुच्छता येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसऱ्या लक्षणापाशी मी थबकले. कामाबद्दल तुच्छता, सगळ्याकडे तिरकस बघणं, हे जर लक्षण धरलं तर पुण्यात निदान करायचं कसं? इथे ते जन्मखुणेसारखं असतं.

एचआरच्या मॅडमनी निदानाची वाट न बघता थेट उपचार सुरू केले. त्या मनाने अतिशय चांगल्या आहेत, हे आधी सांगते. पहिला उपचार ध्यान. रोज दुपारी एक वाजता, म्हणजे डबा खायच्या वेळेला, ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. "श्वासावर लक्ष द्या," असं गुरुजी सांगत, आणि मागून चौतीस लॅपटॉप आळीपाळीने टिंग टिंग करत. माझं सगळं लक्ष डब्यातल्या भरल्या वांग्यावर असे. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी ध्यानाचं तिकीट जिरात काढलं, दोन पॉइंटचं. ते वेळेत 'पूर्ण' न केल्याबद्दल मला लाल खूण मिळाली. शांत न बसल्याबद्दल खुलासा द्यावा लागलेली मी आमच्या घराण्यातली पहिलीच.

मग पावलं मोजण्याची स्पर्धा आली. रोज दहा हजार. मनगटी पट्टे वाटले गेले. जिंकला तो मुलगा पंधरवडाभर खुर्चीतून उठला नव्हता. पट्टा त्याने भाच्याच्या पायात बांधला होता आणि भाचा अडीच वर्षांचा.

ताणाची पाहणीही झाली. ती निनावी होती. न भरणाऱ्यांना मात्र नावानिशी आठवण पाठवली जात होती. त्यात एक प्रश्न होता: ताण आल्यावर तुम्ही काय करता? जवळजवळ सगळ्यांनी एकच शब्द लिहिला, टपरी.

ती टपरी आमच्या इमारतीमागे, जनरेटरच्या भिंतीला लागून आहे. पत्रा, स्टोव्ह, बरण्यांत खारी आणि क्रीमरोल. टपरीवाले मामा एक वही ठेवतात आणि महिन्याच्या एक तारखेला हिशेब करतात. आमच्या कामाचा खरा आलेख त्या वहीत असतो. कुणी एक कटिंग मागितला तर मामा नुसता भरून देतात. दुसरा मागितला की न बघता म्हणतात, "प्रॉडक्शन पडलं वाटतं." ते चुकलेले मला आठवत नाहीत. तिथे कुणी कुणाला सल्ला देत नाही. एकजण म्हणतो, "च्यायला." दुसरा म्हणतो, "हो ना." एवढ्यावर सात-आठ मिनिटं जातात आणि माणसं वर जातात तेव्हा चालणं बदललेलं असतं. कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही. जनरेटरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, हे एक असू शकेल.

पाहणी वाचून संस्थापकाचे डोळे चमकले. महिन्याभरात तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी स्टेशनरीचं कपाट होतं तिथे, टपरी उभी राहिली. खोटा पत्रा, गंज चढल्यासारखा रंगवलेला. फळ्यावर खडूने 'उधार बंद आहे'. आत ग्रीन टी, कॅमोमाइल आणि बिनसाखरेची बिस्किटं. रोज साडेचारला 'टपरी टाइम', सगळ्यांच्या कॅलेंडरात. मास्तर तिथेही उभे, मनमोकळ्या गप्पांना सुरुवात करून द्यायला. "आज कुणाला काय शेअर करायचंय?" कुणालाही काही करायचं नसे. एकदा मी धीर करून "च्यायला" म्हणाले. मास्तरांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय वाटतंय तुला?"

खऱ्या मामांनाही वर बोलावलं होतं, चहाचा ठेका घ्या म्हणून. त्यांना फॉर्म दिला: जीएसटी क्रमांक, रद्द केलेला चेक, बिल दिल्यापासून 45 दिवसांनी पैसे. मामांनी फॉर्म उलटसुलट करून परत दिला. "पोरांची उधारी चालते मला," ते म्हणाले, "कंपनीची नको."

आता साडेचारला आम्ही सगळे त्या खोट्या पत्र्याखाली जमतो, कॅमोमाइलचा कप हातात धरतो, मास्तरांना दिसतो. पावणेपाचला एकेकाला अडथळे येऊ लागतात. "एक ब्लॉकर आहे, बघून येते." "माझाही तोच आहे." जिन्याने उतरायचं, लिफ्ट नको, लिफ्टमध्ये मॅडम भेटतात. अर्थात गेल्या मंगळवारी मॅडम जिन्यातच भेटल्या. त्याही खालीच चालल्या होत्या. आम्ही एकमेकींना काही विचारलं नाही.

खाली पोचलो तर जनरेटरच्या आडोशाला, उलट्या क्रेटवर, आधीच कुणीतरी बसलेलं. संस्थापक. हातात कटिंग, फोन पालथा करून मांडीवर. मुंबईच्या गुंतवणूकदारांशी त्याचा तीन वाजताचा कॉल होता, हे कॅलेंडरात सगळ्यांना दिसत होतं. त्याने आमच्याकडे बघितलं, आम्ही बरण्यांकडे बघितलं.

ग्लास रिकामा करून त्याने पुढे केला. मामांनी दुसरा भरला आणि सवयीने म्हणाले, "प्रॉडक्शन पडलं वाटतं."

आम्ही सगळ्यांनी एकदम फोन काढून पाहिले. सर्व्हर चालू होता. टँकर सात मिनिटांवर होते.

"च्यायला," संस्थापक म्हणाला.

"हो ना," मॅडम म्हणाल्या, आणि बरणीतली शेवटची खारी त्याच्याकडे सरकवली.